डावे कोण, उजवे कोण?

सभा संपून चहा फिरू लागला की खरी सभा सुरू होते. जामसंड्यालाही तसेच झाले. देवगडला खेटून असलेल्या या गावात आम्ही गेलो होतो ते आंबा-काजूवाल्यांशी भावाबद्दल चार गोष्टी बोलायला. आमचे सारे आयुष्य कापूस-ज्वारीच्या मुलखात गेलेले. तिथे प्रश्न येतात ते काट्याचे, ओलाव्याच्या नावाखाली होणाऱ्या कपातीचे, रात्री दोनला येणाऱ्या विजेचे. इथे सत्तरी ओलांडलेल्या एका बागायतदाराने बशीतला चहा संपवला आणि विचारले, "तुमची संघटना डावी काय उजवी, ता एकदा सांगून टाका."

माणूस रिकामटेकडा नव्हता. 1971 पासून एकही मतदान चुकवलेले नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या मतदारसंघाचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न त्याला का पडावा हे लगेच कळते. जुन्या राजापूर मतदारसंघाने 1957 पासून तीन वेळा बॅ. नाथ पै यांना निवडून दिले. 1971 साली त्यांचे निधन झाल्यावर सलग पाच निवडणुकांत प्रा. मधु दंडवते गेले. दोघेही समाजवादी, म्हणजे पुस्तकाप्रमाणे डावे. 1991 साली इथे काँग्रेस आली. 1996 साली शिवसेनेचे सुरेश प्रभू आले. पुढे मतदारसंघाचे नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाले. 2009 साली काँग्रेस, 2014 आणि 2019 साली शिवसेना, 2024 साली भारतीय जनता पक्ष. मुंबईच्या वर्तमानपत्रांत याचे वर्णन 'कोकण डावीकडून उजवीकडे सरकले' असे होते. पण याच देवगडातून दंडवते दिल्लीला जात होते त्या 1980 च्या दशकात मुंबईच्या विधानसभेवर भाजपचे अप्पा गोगटे जात होते. मतदार तोच, गाव तेच. एका हाताने डावे मत आणि दुसऱ्या हाताने उजवे मत देणारा हा माणूस गोंधळलेला होता का? आम्हाला तसे वाटत नाही. गोंधळ असेल तर तो मोजपट्टीत असावा.

ही मोजपट्टी आली कुठून ते आधी पाहू. 1789 साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत वाद झाला की सभेने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार राजाला असावा की नसावा. असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नसावा म्हणणारे डाव्या हाताला. बसण्याच्या जागेवरून पडलेले नाव जगभर पसरले. त्या सभेत वकील भरपूर होते, उमराव होते, धर्मगुरू होते. शेतकरी म्हणावा असा प्रतिनिधी क्वचितच. चार वर्षांनी, 1793 साली, डावीकडच्या टोकाच्या गटाच्या हाती सत्ता आली तेव्हा पॅरिसची भाकरी स्वस्त ठेवण्यासाठी त्यांनी धान्यावर कमाल भाव लावला आणि खेड्यात धान्य उचलायला माणसे धाडली. 1960 च्या दशकात महाराष्ट्र सरकारने ज्वारीवर एकाधिकार खरेदी आणि लेव्ही लादली, ती ज्यांच्या वडिलांनी भोगली त्यांना ही फ्रान्सची गोष्ट परकी वाटणार नाही.

तरीही डावे-उजवे हा शब्दांचाच खेळ आहे असे म्हणून उडवून लावता येत नाही, आणि कोकणात तर मुळीच नाही. इथे खोत होता आणि कूळ होते. राबायचे कुळाने आणि उत्पन्नाचा वाटा जायचा खोताच्या घरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला नेला. खोती नष्ट करणारा कायदा 1949 साली झाला. 1948 चा कूळकायदा त्याआधीच झाला होता, 1 एप्रिल 1957 चा कृषिदिन पुढे आला. जमीन कुणाची, या प्रश्नावर डावी बाजू आणि उजवी बाजू स्पष्ट होती. मधली जागाच नव्हती. कुळाच्या पोराने डाव्याला मत द्यावे यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

आमच्याकडे, वऱ्हाडात नि मराठवाड्यात, प्रश्नाने वेगळे वळण घेतले. जमीन नावावर आहे, सातबारा स्वच्छ आहे, दहा एकर कोरडवाहू आहे आणि तरी घरात दिवाळीला तेल नाही. इथे शोषण बांधावर होत नव्हते, बाजारात होत होते. आणि बाजाराचे दार उघडायची-लावायची किल्ली सरकारकडे होती. जमिनीची मोजपट्टी भावाला लावली की ती मोडते, हे आमचे म्हणणे आहे. एका उदाहरणाने ते जितके कळते तितके दहा व्याख्यांनी कळत नाही, म्हणून कापसाचेच घेऊ.

महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदीचा कायदा 1971 साली झाला आणि 1972 पासून योजना चालू झाली. व्यापाऱ्याच्या तावडीतून कास्तकार सोडवायचा ही तिची भाषा. भाषा डावी, आणणारे सरकार काँग्रेसचे, म्हणजे ना धड डावे ना धड उजवे, गावच्या पाटलापासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत साऱ्यांचे. व्यापारी गेला, त्याच्या जागी एकच खरीददार आला. त्याला विकायचे नाही म्हटले तर दुसरा नाही. राज्याच्या सीमेबाहेर कापूस नेणे गुन्हा ठरले. स्वतःच्या शेतात पिकवलेला कापूस रात्री बैलगाडीत घालून आदिलाबादकडे किंवा मध्य प्रदेशाकडे नेणारा शेतकरी कायद्याच्या लेखी तस्कर होता! ज्या वर्षी बाहेर भाव पडलेले असत त्या वर्षी हीच योजना आधाराला आली हेही खरे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण चुकाऱ्यांची वाट पाहण्यात किती घरची लग्ने पुढे ढकलली गेली याचा हिशेब कुठल्याच पक्षाने ठेवला नाही. 2002 नंतर एकाधिकार संपला. आणि आज? आज केंद्रात उजवे म्हणवणारे सरकार आहे, आणि हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात त्या भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे 1970 सालच्या सरकारी खरीददाराच्या दारात. कारण 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये हमीभाव जाहीर झाला, आणि खासगीत तो मिळण्याची खात्री कुणालाच नसते.

आता दुसरे दार पाहा. 5 मार्च 2012 रोजी केंद्रातल्या काँग्रेस आघाडीच्या सरकारने कापसाची निर्यात बंद केली. त्याच सरकारच्या कृषिमंत्र्यांनी विरोध केला, ओरड झाली, आठवडाभरात माघार घ्यावी लागली. गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी हा हेतू. भाजपच्या सरकारने 2021 च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर सगळे मिळून 11 टक्के आयातशुल्क लावले तेव्हा आपल्याला बरे वाटले. पण 2022 साली काही महिने ते उठवले, आणि 19 ऑगस्ट 2025 पासून पुन्हा उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपला कापूस बाजारात येण्याच्या ऐन महिन्यांत. हेतू तोच, गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी. एकाने बाहेर जायचे दार लावले, दुसऱ्याने आत यायचे दार उघडले. एक म्हणे डावीकडे झुकलेला, दुसरा म्हणे उजवा. बोंड वेचणाऱ्याच्या ओंजळीत दोघांनी टाकले ते एकच.

यात अमेरिकेची भर पडली ती वेगळीच. खुल्या व्यापाराची पाठशाळा म्हणून ज्या देशाकडे पाहायला आमच्या पिढीला शिकवले, त्याच्या उजव्या सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के शुल्क बसवले. आणि तो देश आपल्या कापूस उत्पादकांना किती अनुदान देतो? इतके की ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि 2014 साली तडजोडीपोटी अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर मोजले. अनुदान रिपब्लिकनांनीही दिले आणि डेमोक्रॅटांनीही.

इतर देशांतल्या शेतकऱ्यांनी हा डाव्या-उजव्यांचा घोळ कसा निस्तरला? जिथे जे मिळाले ते घेऊन. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा या गहू पिकवणाऱ्या राज्यात 1915 साली शेतकऱ्यांनी 'नॉनपार्टिझन लीग' म्हणजे बिनपक्षी संघ काढला. काढणारा आर्थर टाऊनली हा शेतीत बुडालेला माणूस आणि समाजवादी पक्षाचा जुना कार्यकर्ता. पण त्याने समाजवादी पक्षातून उमेदवार उभे केले नाहीत. तिथे रिपब्लिकन पक्ष जोरात होता, म्हणून त्याच पक्षाच्या उमेदवार निवडीत शिरून आपली माणसे पुढे केली आणि 1916 साली राज्याचे गव्हर्नरपद घेतले. गहू विकत घेणारे दलाल आणि गिरण्या मिनीयापोलिसात, कर्ज देणाऱ्या बँकाही बाहेरच्या. म्हणून 1919 साली राज्याच्या मालकीची बँक काढली, 1922 साली राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी चालू झाली. दोन्ही आजही चालू आहेत. आणि हे राज्य 1968 पासून अध्यक्षीय निवडणुकीत दर वेळी रिपब्लिकन पक्षाला मत देते! सरकारी बँक ठेवून उजवे मत. जामसंड्याचा बागायतदार तिथे भेटला असता तर दोघांचे छान जमले असते.

त्याच गव्हाच्या पट्ट्यात सीमेपलीकडे कॅनडा आहे. सस्कॅचवान प्रांतातल्या शेतकऱ्यांनी 1944 साली टॉमी डग्लस यांचे समाजवादी सरकार निवडून आणले. शेजारच्या आल्बर्टाने, तोच गहू आणि तेच कर्ज असताना, 1935 साली सोशल क्रेडिट नावाचा पक्ष आणला, तो पुढे पक्का उजवा झाला. जपानमध्ये 1955 पासून लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष बहुतेक काळ सत्तेवर. पक्ष उजवा, पण त्याच्या सरकारने भात शेतकऱ्याकडून चढ्या भावाने घेऊन ग्राहकाला स्वस्तात विकला, कारण मते खेड्यांत होती. ऑस्ट्रेलियातली कंट्री पार्टी 1920 साली निघाली, कायम उजव्यांच्या आघाडीत बसली आणि गव्हाच्या विक्रीसाठी सरकारी मंडळ हवे म्हणून हट्ट धरून राहिली. नॉर्वेतला शेतकरी पक्षही 1920 चाच. त्याने नाव बदलून सेंटर पार्टी घेतले आणि 2005 साली मजूर पक्षाबरोबर सरकारात गेला. नावांवर तर जाऊच नये. 'लिबरल' म्हटले की ऑस्ट्रेलियात उजवा समजतात, अमेरिकेत डावा.

आपल्याकडे त्याहून मजा आहे. 1989 पासून निवडणूक आयोगाकडे नोंदणी हवी असेल तर प्रत्येक पक्षाला समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे कागदोपत्री या देशात उजवा पक्ष नोंदवताच येत नाही. भाजपने 1980 साली, स्थापनेच्याच वर्षी, 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला होता. उघडपणे सरकारशाहीला विरोध करणारा एकच मोठा पक्ष झाला, 1959 चा स्वतंत्र पक्ष. त्याच वर्षी नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला होता आणि चौधरी चरणसिंगांनी तिथेच त्याला विरोध केला होता. राजाजी, मिनू मसानी यांच्या जोडीला स्वतंत्र पक्षात शेतकऱ्यांचे नेते एन. जी. रंगा होते. 1967 साली लोकसभेत 44 जागा मिळाल्या. 'राजेरजवाड्यांचा आणि भांडवलदारांचा पक्ष' हा शिक्का मात्र पुसला गेला नाही, आणि तो सगळाच खोटा होता असेही नाही. आपल्या महाराष्ट्रात उलट टोकाला शेतकरी कामगार पक्ष. जेधे-मोरे काँग्रेसमधून बाहेर पडले, 1950 साली दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद पत्करला, आणि चार वर्षांत केशवराव जेधे परत काँग्रेसमध्ये.

मग शेतकरी संघटना डाव्या की उजव्या? 1980 च्या दशकात शरद जोशी, नंजुंडस्वामी आणि टिकैत हे तिघेही रास्त भाव मागत होते. गॅटचा डंकेल प्रस्ताव आला आणि वाटा फुटल्या. जोशी म्हणाले, बाजार खुला होऊ द्या, सरकारच आम्हाला लुटते. आणि 1986-88 या आधारवर्षांसाठी भारताने दाखल केलेला शेतमालाच्या आधाराचा आकडा खरोखरच उणे निघाला होता. नंजुंडस्वामींच्या कार्यकर्त्यांनी डिसेंबर 1992 मध्ये बंगळूरला कारगिल बियाणे कंपनीचे कार्यालय गाठून कागदपत्रे जाळली. एकाच पिकाचे शेतकरी, एकाच कर्जाचे बळी आणि दोन टोके. 2020 च्या तीन कृषी कायद्यांवर तेच घडले. काँग्रेसने 2019 च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करण्याचे वचन दिले होते, तिनेच विरोध केला. पंजाबात डाव्या किसान सभांबरोबर डाव्यांशी काही देणेघेणे नसलेले हजारो शेतकरी बसले. महाराष्ट्रातून पाठिंबा देणारेही शेतकरीच होते. नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेतले गेले.

बियाण्याचेही तसेच. आम्ही शेतीची पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा, 2002 साली, बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक-बदलाच्या बियाण्याविरुद्ध डाव्या विचाराचे पर्यावरणवादी आणि स्वदेशी जागरण मंच एकाच व्यासपीठाला शोभतील अशी भाषणे करीत आले आहेत. बोंडअळीला मात्र कुणाचाच जाहीरनामा वाचता येत नाही.

कर्जमाफीची गोष्ट तर थेट या देवगडच्या मतपेटीतून निघते. 1990 साली विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने दहा हजारांपर्यंतचे शेतीकर्ज माफ केले. अर्थमंत्री होते मधु दंडवते. ते सरकार एका बाजूने डाव्या पक्षांच्या आणि दुसऱ्या बाजूने भाजपच्या टेकूवर उभे होते. म्हणजे आमच्या वडिलांच्या सोसायटीच्या खात्यावरची रक्कम पुसली गेली ती आंबेवाल्यांनी निवडून दिलेल्या समाजवाद्याच्या हाताने, डाव्या-उजव्यांच्या एकत्रित संमतीने. पुढे 2008 ची माफी काँग्रेस आघाडीची. तिने पाच एकरांची रेषा आखली. बागायती पाच एकर आणि कोरडवाहू पाच एकर यांत काय फरक असतो हे दिल्लीत कुणी विचारले नाही, आणि आमचा आठ एकरांचा कापूसवाला पूर्ण माफीतून बाहेर राहिला. 2017 ची माफी भाजप-शिवसेनेची, 2019 ची महाविकास आघाडीची.

ज्वारीचे दुःख कुठल्याच बाजूला दिसत नाही. अन्नसुरक्षा कायदा 2013 साली जवळजवळ सर्वांच्या संमतीने झाला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, जानेवारी 2023 पासून दोन्ही फुकट. गरिबाला धान्य मिळाले याचे आम्हाला वाईट वाटत नाही. आमच्यातले अर्धे त्याच रांगेत उभे असतात. पण ज्या घरात भाकरी होती तिथे रेशनची पोळी आणि भात आला, आणि मालदांडीचा हमीभाव 2025-26 साठी 3,749 रुपये जाहीर झाला तरी खरेदी केंद्र शोधत हिंडावे लागते.

एक गोष्ट आपल्याविषयी. वेचणीच्या दिवसांत बायांनी किलोमागे दर वाढवून मागितला की आपल्यातला कडवा डावाही रातोरात उजवा होतो. बाजार पाहा, मजूर मिळत नाही, परवडत नाही, ही सारी भाषा आपल्या तोंडी येते. आणि महिनाभराने तेच तोंड घेऊन आपण सरकारपुढे घामाचा भाव मागतो. आम्ही स्वतः हे केले आहे. पुढच्या वेळी कुणी आपल्याला डावे-उजवे विचारले तर हे आठवावे.

या अंकाबरोबर जिल्हा मेळाव्यांसाठी एका ठरावाचा मसुदा जात आहे. त्यावर आपल्यात मतभेद आहेत. काहींचे म्हणणे, खुला बाजार मागणाऱ्यांनी आयातीला विरोध करू नये. काही म्हणतात, 11 टक्के शुल्क कायमचे बसवा. आमचे मत असे की परदेशी कापूस अनुदानाच्या पैशावर स्वस्त होऊन येतो तोवर शुल्क राहिले पाहिजे, आणि हंगामाच्या तोंडावर ते उठवायचे नाही व निर्यातही बंद करायची नाही, अशी कायद्याची बांधिलकी सरकारने घेतली पाहिजे. मेळाव्यात याविरुद्ध बोलणाऱ्याला पूर्ण वेळ मिळेल. मात्र येताना प्रत्येकाने गेल्या दोन हंगामांच्या काट्याच्या पावत्या आणाव्यात: तारीख, वजन, दर, कपात, सारे दिसेल अशा. कोणत्या सरकारच्या कोणत्या निर्णयानंतर आपल्या गावात दर किती हलला ते आपणच मांडू, मग उमेदवारांना बोलावू.

जामसंड्याच्या त्या बागायतदाराला हे सगळे सांगणे जमले नाही. आमची एसटी सुटणार होती. त्याचा आंबा कुठलेही सरकार हमीभावाने घेत नाही, लेव्ही नाही, एकाधिकार नाही. तरी वाशीचा दलाल सांगेल तो भाव. म्हणून याच गावात आंबा उत्पादकांनी सहकारी संस्था उभी केली, आणि तिला डावी म्हणावे की उजवी हे त्यालाही सांगता आले नाही. हा अंक त्याला टपालाने पाठवीत आहोत. त्याने गेल्या चार वर्षांच्या वाशीच्या पट्ट्या पाठवायचे कबूल केले आहे. आल्या की पुढच्या अंकात कापसाच्या पावत्यांशेजारी छापू.